परसबागेचे माप पाण्याने ठरवावे

महाराष्ट्रातील कोरडवाहू गावांत परसबागेचे आयुष्य सामान्यतः मृगापासून शिमग्यापर्यंतचे असते. पावसाळ्यात कुंपणावर दोडका व कारले चढते, थंडीत मेथी, मुळा, वांगी व टोमॅटो निघतात आणि होळी उलटली की वाफे कोरडे पडून कोंबड्यांना उकरावयास मोकळे होतात. नेमक्या याच महिन्यांत खेड्याच्या बाजारात ताजी भाजी दुर्मिळ होते आणि घरचे जेवण भाकरी, पिठले व चटणी यांवर येऊन ठेपते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने सन २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात प्रौढ व्यक्तीच्या दिवसाच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात, असे सुचविले आहे. वैशाखातील ताटाशी हा आकडा ताडून पाहिला म्हणजे उन्हाळी परसबाग ही हौस नसून गरज आहे, हे कोणासही पटेल.

परंतु उन्हाळ्यात परसबाग टिकवा, असे सांगितले की पहिला प्रश्न पाण्याचा येतो. आणि तो रास्त आहे. सन २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. ज्या गावात पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथील कुटुंबास वाफे भिजविण्याचा उपदेश करणे म्हणजे त्याची थट्टा करण्यासारखेच आहे. या आक्षेपाचे उत्तर उपदेश अधिक जोराने करण्यात नाही. चूक आहे ती मापात. परसबागेचा आराखडा आजवर जागेवरून आखला जातो: इतकी लांबी, इतकी रुंदी, इतके वाफे. उन्हाळ्यात जागेचा तुटवडा नसतोच. तुटवडा असतो तो पाण्याचा. म्हणून बागेचे मापही पाण्यानेच ठरविले पाहिजे.

हा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आच्छादन व थोडी सावली असलेल्या भाजीच्या वाफ्यास ऐन मे महिन्यात दर चौरस मीटरला दररोज पाच ते सहा लिटर पाणी पुरेसे धरावयास हरकत नाही. ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटरचे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या घरात ते २७५ लिटर होते. त्यांपैकी धान्य, भाजी व हात धुण्याचे आणि आंघोळीचे मिळून ६० लिटर सांडपाणी बागेकडे वळविता आले, तर दहा चौरस मीटर जागा हिरवी राहू शकते. पाणी निम्म्यावर आले की बागही निम्म्यावर, म्हणजे पाच चौरस मीटरवर आणावी. उरलेली जागा पालापाचोळ्याने झाकून विश्रांतीस सोडावी. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

बाग आटोपती घेताना प्रथम काय सोडावयाचे, हे आधीच ठरलेले असावे. तांबडा माठ किंवा राजगिरा यांसारखी पालेभाजी पंचवीस-तीस दिवसांत हाती येते. तिचा वाफा खुडून घेऊन मोकळा करता येतो व पाणी वाढताच पुन्हा पेरता येतो. वेलभाज्यांपैकी एक-दोन जोमदार वेल ठेवून बाकीचे काढावेत. शेवगा, कढीपत्ता व लिंबू ही झाडे मात्र शेवटपर्यंत जगवावीत. कारण ती वाळली तर वर्षांची मेहनत जाते. त्यांच्या मुळांजवळ गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे मडके भरून ठेवले, तर पाझरणाऱ्या पाण्यावर झाड तग धरते व वाफ होऊन जाणारे पाणी वाचते. कपडे धुतलेले साबणाचे पाणी पालेभाज्यांस देऊ नये. ते खडी व वाळू भरलेल्या चरातून नेऊन केळी व कर्दळीस सोडावे.

पाण्याखालोखाल दुसरी अडचण अनिश्चिततेची आहे. उन्हाळा म्हणजे चार महिने सरळ कोरडे ऊन, ही समजूत आता धरून चालत नाही. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यात गारपिटीने हाहाकार केला. सन २०२२ चा मार्च आणि सन २०२३ चा फेब्रुवारी हे त्या त्या महिन्यापुरते देशात सन १९०१ पासूनचे सर्वांत उष्ण ठरले. सन २०२५ मध्ये याउलट घडले. मे महिन्यात देशभर विक्रमी पाऊस झाला आणि २६ मे रोजीच मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. अशा स्थितीत अमुक तारखेस पेरा व अमुक तारखेस काढा, असे सांगणारे छापील वेळापत्रक शेतकऱ्याच्या फारसे उपयोगी पडत नाही. त्याला तारखेपेक्षा पर्यायाची गरज अधिक आहे.

हा पर्याय बागेतच निर्माण करता येतो. सर्व बी एकाच दिवशी न टाकता दर दहा-बारा दिवसांनी थोडे थोडे टाकावे, म्हणजे एखाद्या गारपिटीने किंवा उष्णतेच्या लाटेने एक हप्ता गेला तरी दुसरा उरतो. उन्हाळ्यासाठी सखल वाफे योग्य. परंतु प्रत्येक वाफ्याच्या उताराकडील बांधास एक तोंड ठेवून ते मातीने बुजवावे. अवकाळी पाऊस येताच कुदळीच्या एका घावाने ते उघडले की पाणी साचून मुळे कुजत नाहीत. उसाचे पाचट, गव्हाचे काड किंवा वाळलेला पाला यांचा दोन-तीन इंच थर कडक उन्हात ओल धरतो आणि वळवाच्या सरीत माती वाहू देत नाही. पऱ्हाट्या किंवा तुराट्यांचा विरळ मांडव पश्चिमेच्या बाजूस घातला, तर दुपारनंतरचे ऊन अडते व सकाळचा प्रकाश मिळतो.

पिकांचा स्वभाव ओळखणेही तितकेच आवश्यक आहे. टोमॅटोस भर उन्हाळ्यात फुले येऊन गळू लागली की घरधनी खत कमी पडले असे समजून आणखी खत घालतो. वस्तुतः दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या बरेच वर गेले व रात्रही उष्ण राहिली की परागकण दुबळे होऊन फळ धरत नाही. तेथे खताचा उपाय चालत नाही. काकडी-दुधीच्या वेलांवर उन्हात नरफुलांचे प्रमाण वाढते. तेवढ्यावरून वेल वांझ ठरवून उपटू नये. मधमाश्या कमी असल्यास हाताने परागीकरण करावे. काकडी व कारल्यास सकाळी, तर दुधी व दोडक्यास सायंकाळी, कारण त्यांची फुलेच सायंकाळी उमलतात. भेंडी, गवार, चवळी व माठ ही मंडळी उन्हास खरी सोसणारी आहेत. बागेचा मोठा हिस्सा त्यांनाच द्यावा. कोरड्या उन्हात पानांखाली लाल कोळी दिसल्यास पानांची मागील बाजू पाण्याने धुवावी. रस शोषणाऱ्या किडींसाठी पाच टक्के निंबोळी अर्क घरीच करता येतो.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. परसबाग कुटुंबाची असली तरी तिचे पाणी बहुधा घरच्या बाईच्या डोक्यावरून येते. पहाटे हंड्यांच्या रांगेत उभी राहून घरी आलेल्या गृहिणीस बागेसाठी आणखी एक खेप करावयास लावणे अन्यायाचे आहे. म्हणून जी बाग सांडपाण्यावर चालत नाही, ती उन्हाळ्यात नसलेली बरी, असा दंडक घालावयास हवा. न्हाणी व मोरीपासून वाफ्यापर्यंत उताराचा पाट किंवा नळी घालणे हे दोन दिवसांचे काम आहे, आणि ते घरातील पुरुषांनी करावयाचे आहे. एकदा ते झाले की पाणी आपल्या पायांनी बागेत जाते.

भाजी विकत मिळत असता हा खटाटोप कशासाठी, असेही काही जण विचारतात. सन २०२३ च्या मे महिन्यात भाव कोसळल्यामुळे शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर फेकले आणि जुलैत तेच टोमॅटो शंभर रुपये किलोच्या वर गेले. बाजाराच्या अशा हेलकाव्यांत मजुरी करणाऱ्या घराने प्रथम काटकसर केली ती भाजीतच. दहा चौरस मीटरची बाग पाच जणांची सर्व गरज भागवील, असे नव्हे. पण आठवड्यातून चार दिवस मुलांच्या ताटात माठाची किंवा चवळीची भाजी पडेल, एवढे तिच्याकडून निश्चित होईल.

विस्तारकार्याने यापुढे बियाण्यांच्या पुडीबरोबर पाण्याचा हिशेबही घरोघरी न्यावा. जूनमध्ये किती परसबागा लागल्या, ही संख्या पुरेशी नाही. मे अखेर किती घरांच्या मोरीमागे काही हिरवे उरले आहे, हे मोजले जावे. तो आकडा प्रथम लहान असेल. परंतु विश्वास ठेवण्याजोगा तोच असेल.