कॅज्युअल्टीला तज्ज्ञ केव्हा मिळणार?

जून 2025 मध्ये बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कॅज्युअल्टीत जे घडले, ते गोमंतकीय जनता विसरलेली नाही. एका वृद्ध रुग्णाला इंजेक्शन नाकारल्याच्या तक्रारीवरून आरोग्यमंत्र्यांनी कॅमेऱ्यांसमोर तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याची खरडपट्टी काढली आणि निलंबनाचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी निलंबन होणार नसल्याचे सांगितले. डॉक्टर मंडळी आंदोलनास उतरली, मंत्र्यांनी क्षमा मागितली आणि वादळ शमले. परंतु सत्तेच्या मर्यादेची आणि शिष्टाचाराची चर्चा ऐन रंगात आली असता मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. कॅज्युअल्टी हा विभाग कशासाठी असतो आणि तेथे उभ्या राहणाऱ्या डॉक्टरचे शिक्षण कोणते असावे, हा तो प्रश्न होय.

आपल्याकडील जुनी रीत अशी की, जो सर्वांत नवखा त्याला कॅज्युअल्टीत उभे करावे आणि अनुभवी तज्ज्ञाला गरज भासल्यास बोलावून घ्यावे. वस्तुतः रुग्णालयातील सर्वांत कठीण निर्णय याच दारात घ्यावे लागतात. छातीत कळ येऊन आलेल्या माणसाचा हृदयालेख दहा मिनिटांच्या आत काढला जावा, असा वैद्यकाचा दंडक आहे. मेंदूची रक्तवाहिनी तुंबून पक्षाघात झाला असल्यास गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. अपघातातील जखमीचा श्वासमार्ग मोकळा करण्यास तर काही मिनिटांचाच अवधी असतो. एकाच वेळी दहा रुग्ण दारात आले असता प्रथम कोणाकडे धावावे आणि कोणाला थांबविले तरी चालेल, हे ओळखणे हीदेखील एक विद्याच आहे. अन्य तज्ज्ञ एकेका अवयवाचे जाणकार असतात. पहिल्या तासाचा जाणकार निराळा घडवावा लागतो.

पाश्चात्त्य देशांनी हे बरेच आधी ओळखले. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठाने 1970 मध्ये या विषयाचे पदव्युत्तर प्रशिक्षण सुरू केले आणि 1979 मध्ये त्याला स्वतंत्र शाखेची मान्यता मिळाली. भारतीय वैद्यक परिषदेने आपत्कालीन वैद्यकशास्त्राला मान्यता दिली ती 2009 मध्ये, म्हणजे त्यानंतर तीस वर्षांनी. तेव्हापासून या विषयात तीन वर्षांची एम.डी. पदवी घेता येते.

आपल्या न्यायालयांनी मात्र याहून अधिक तत्परता दाखविली. जखमीला तत्काळ उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, पोलिसी सोपस्कारांसाठी त्याला ताटकळत ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात 1989 मध्येच बजावले. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून जखमी झालेल्या हकीम शेख या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविले. त्या प्रकरणात 1996 मध्ये निवाडा देताना, वेळेवर तातडीचे उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग होय, असे न्यायालयाने ठरविले. हक्क मिळाला, पण तो हक्क पुरविणारे हात कोठे आहेत?

या बाबतीत आपले धोरण एक पाऊल पुढे आणि दोन पावले मागे असे राहिले आहे. 2020 च्या निकषांत राष्ट्रीय वैद्यक आयोगाने जुन्या कॅज्युअल्टीच्या जागी आपत्कालीन वैद्यकशास्त्राचा विभाग प्रत्येक महाविद्यालयात अनिवार्य केला. 2023 च्या निकषांत आवश्यक विभागांच्या यादीतून तोच वगळण्यात आला. पुरेसे अध्यापक नाहीत, सक्ती केल्यास नवी महाविद्यालये उघडणे कठीण होईल, असे म्हटले जाते. ही अडचण खरी आहे. परंतु विभाग नाहीत म्हणून अध्यापक घडत नाहीत आणि अध्यापक नाहीत म्हणून विभाग नकोत, हे दुष्टचक्र तोडावयाचे कोणी? शिवाय सरकारी सेवेत स्थिर पद आणि बढतीची वाट दिसली नाही, तर हुशार विद्यार्थी या शाखेकडे का वळेल? पदवी घेऊन तो महानगरातील खाजगी रुग्णालयात जाईल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

गोव्याची स्थिती या बाबतीत अनुकूल आहे, असे आमचे मत आहे. राज्य लहान आहे. 108 ची रुग्णवाहिका 2008 पासून धावते आहे. 2018 मध्ये सुरू झालेल्या ‘स्टेमी’ प्रकल्पाने हृदयविकाराचा झटका आलेल्यांवरील उपचार तालुक्याच्या जागी आणून दाखविले. सावंतवाडी, दोडामार्गपासून कारवारपर्यंतचे रुग्णही बांबोळीचीच वाट धरतात. पण सर्व भार बांबोळीवर टाकून भागणार नाही. म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा रुग्णालयांच्या दारातही असा तज्ज्ञ चोवीस तास हवा. हिशेब सोपा आहे. आठवड्याचे तास 168. डॉक्टरने 48 तास काम केले तरी एक जागा अखंड भरलेली ठेवण्यास रजा-सुट्या धरून किमान चार तज्ज्ञ लागतात. एखादे पद मंजूर करून समाधान मानणे म्हणजे दिवसाचा बहुतांश वेळ दार उघडे टाकणे होय.

म्हणून राज्य सरकारने प्रथम या विषयाची किती पदे मंजूर आहेत व किती भरलेली आहेत, याचा रुग्णालयवार तक्ता जनतेपुढे ठेवावा. पदव्युत्तर जागा वाढवाव्यात आणि त्या जागांवर शिकणाऱ्यांना राज्यातच कायम पदाची हमी द्यावी. आयोगानेही 2023 चा निर्णय फिरवावा. इमारती उभारल्या की फीत कापता येते. तज्ज्ञ घडविण्यास तीन वर्षे लागतात आणि त्याचे उद्‌घाटन होत नाही. मात्र मध्यरात्री अपघातग्रस्त मुलाला घेऊन आलेल्या बापाला इमारतीची भव्यता नको असते. समोरच्या डॉक्टरला आपले काम येते, एवढाच भरवसा त्याला हवा असतो, आणि तो देणे हे सरकारचे कर्तव्य आहे.