चांदरात, मोबाईल आणि फॉरवर्डचे फोटो

२९व्या रोजाची मगरिब झाली की मोबाईल आकाशाकडे वळतात आणि ग्रुपवर 'चाँद मुबारक'चे फोटो सुरू होतात. त्यावर आपण किती भरवसा ठेवायचा?

हिलाल ही अगदी बारीक कोर. क्षितिजालगत, संधिप्रकाशात थोडाच वेळ दिसते. पूर्ण चंद्रसुद्धा आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद. मोबाईलमध्ये त्याचा ठिपका होतो. धूळ, ढग किंवा हललेल्या हाताने कोर फोटोतून गायब. झूम केले तर काही फोन चित्र स्वतःच 'सुधारतात'. मार्च २०२३ मध्ये एकाने चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र पडद्यावर लावून सॅमसंगच्या फोनने टिपले, तर मूळ चित्रात नसलेले बारकावे फोटोत उमटले! चंद्राच्या फोटोसाठी एआय वापरतो, हे कंपनीनेही सांगितले.

शिवाय फॉरवर्ड फोटो कोणत्या वर्षीचा, कोणत्या देशातला, काय कळणार?

फोटो जरूर काढा, मुलांना दाखवा. पण फोटो म्हणजे शहादत नव्हे. चाँद स्वतःच्या डोळ्यांनी दिसला तर हिलाल कमिटीकडे जाऊन साक्ष द्या, आणि एलान होईपर्यंत फॉरवर्ड करू नका. एका चुकीच्या फोटोने कुणाचा तरी ३०वा रोजा बुडू शकतो.