कृषीदूतांची वही गावातच राहावी

खरिपाच्या पेरण्या आटोपत आल्या की कृषी महाविद्यालयांतील अंतिम वर्षाचे विद्यार्थी गावोगाव दाखल होतात. महाराष्ट्रात त्यांना कृषीदूत आणि कृषीकन्या या नावांनी ओळखले जाते. ग्रामपंचायतीत त्यांचे स्वागत होते, गावाचा नकाशा रांगोळीने जमिनीवर रेखाटला जातो, बीजप्रक्रिया, निंबोळी अर्क, अझोला, माती नमुना यांची प्रात्यक्षिके होतात. छायाचित्रे निघतात, स्थानिक वृत्तपत्रात बातमीही येते. काही आठवड्यांनी विद्यार्थी परततात आणि त्यांचा अहवाल महाविद्यालयात जमा होतो. ज्या गावाविषयी तो लिहिला गेला, त्या गावात मात्र त्याची प्रत क्वचितच राहते. या कार्यक्रमातील खरी उणीव येथेच आहे.

२५ जुलै २०१५ रोजी ‘स्टुडंट रेडी’ या योजनेचा देशपातळीवर शुभारंभ झाला. पाचव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यात ग्रामीण कृषी कार्यानुभव व कृषी-औद्योगिक संलग्नता यांसाठी २० आठवडे राखले आहेत. त्यांपैकी ८ आठवडे गावासाठी असून उर्वरित काळ संशोधन केंद्र किंवा कृषी विज्ञान केंद्र, पीक चिकित्सालय, कृषी उद्योग आणि अहवाललेखन यांत विभागलेला आहे. गावातील ८ आठवड्यांचीही वाटणी ठरलेली आहे. गावाचे सर्वेक्षण, पीक लागवड, पीक संरक्षण, मृदा सुधारणा, फळे व भाजीपाला, अन्नप्रक्रिया व साठवण, पशुसंवर्धन आणि विस्तारकार्य यांना प्रत्येकी एक आठवडा मिळतो. पुस्तकी शिक्षणाला शिवाराची जोड देण्याचा हा विचार योग्यच आहे. तथापि पीक अभ्यासक्रमाच्या वेळापत्रकाप्रमाणे वाढत नाही.

कपाशीतील गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घ्यावे. पीक संरक्षणाच्या आठवड्यात विद्यार्थी कामगंध सापळा लावून दाखवतो. परंतु सापळा लावणे हे कामाचे केवळ पहिले पाऊल आहे. प्रति सापळा सलग तीन रात्री ८ पतंग आढळले, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली गेली असे मानले जाते. म्हणजे सापळ्याचे मोल मोजणीत आहे, आणि ती मोजणी हंगामभर चालावी लागते. विद्यार्थी परतल्यावर ती कोणी करावयाची, हे बहुधा ठरलेलेच नसते. माती परीक्षणाचेही तसेच. नमुना पेरणीपूर्वी, खत देण्याआधी घ्यावा असे विद्यार्थ्याला शिकवले जाते आणि प्रात्यक्षिक मात्र खत दिलेल्या उभ्या पिकाच्या दिवसांत करावे लागते. शेतकऱ्याच्या हे लक्षात येते. तो भिडेखातर बोलत नाही, इतकेच.

महाविद्यालयांच्या अडचणी खऱ्या आहेत. परीक्षांच्या तारखा, मार्गदर्शक प्राध्यापकांवरील कामाचा भार, विद्यार्थिनींच्या निवासाची व सुरक्षिततेची व्यवस्था यांमुळे गावातील मुक्काम वाढवणे सोपे नाही. परंतु मुक्काम न वाढवताही काम अखंड ठेवता येते. त्यासाठी महाविद्यालयाने दरवर्षी गाव न बदलता किमान तीन वर्षे तेच गाव ठेवावे आणि त्या गावाची एक नोंदवही असावी. पेरणीची तारीख, वाण, पाऊस, सापळ्यांतील पतंगांची संख्या, फवारणी, खर्च व उत्पादन यांच्या नोंदी तिच्यात व्हाव्यात. वही गावातील शेतकरी गटाकडे राहावी आणि तिची प्रत जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे जावी. देशात अशी सातशेहून अधिक केंद्रे आहेत, त्यामुळे ही व्यवस्था कोणत्याही राज्यात उभी राहू शकते. पुढील तुकडीने पहिल्या आठवड्यात नवे प्रश्नपत्रक भरून घेण्याऐवजी आधी ही वही वाचावी आणि मागील वर्षी सुचवलेल्या गोष्टींचे काय झाले, ते शेतावर जाऊन पाहावे.

यात विस्तार कार्यकर्ते आणि प्रगतिशील शेतकरी यांचा वाटा मोठा आहे. विद्यार्थी येण्यापूर्वीच गावाने आपला एक प्रश्न निश्चित करावा. सोयाबीन पेरताना एखाद्या शेतकऱ्याने बीजप्रक्रिया केलेला आणि न केलेला असे दोन पट्टे आखून ठेवले, तर जुलैमध्ये आलेल्या विद्यार्थ्याला मोजण्यासारखे काही सापडेल. रोपांची संख्या आणि रोगट झाडे त्याने मोजावीत. काढणीचे वजन शेतकऱ्याने स्वतः वहीत लिहावे. फरक दिसला नाही, तर तेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवावे. अशा नोंदीतून विद्यार्थी जे शिकेल, ते शंभर छायाचित्रांतून शिकता येणार नाही.

मूल्यमापनाचाही फेरविचार व्हावा. किती प्रात्यक्षिके घेतली, यावर गुण देणे सोयीचे असते. पण परतण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी शिवारातच बैठक घेऊन आपली निरीक्षणे शेतकऱ्यांसमोर वाचावीत, त्यांच्या शंकांना उत्तरे द्यावीत आणि यजमान शेतकऱ्याच्या अभिप्रायाला गुणांत स्थान असावे. आपला वेळ, शेत आणि अनुभव देणारा शेतकरी हाही या अभ्यासक्रमातील एक शिक्षकच आहे. आज त्याच्या हाती फारतर आभाराचे पत्र येते.

उद्याचे कृषी अधिकारी, संशोधक, बियाणे व्यवसायिक आणि विस्तार कार्यकर्ते याच विद्यार्थ्यांतून घडणार आहेत. सल्ला दिल्यानंतर त्याचा परिणाम पाहण्यासाठी पुन्हा त्याच बांधावर जावे लागते, ही सवय त्यांना विद्यार्थीदशेतच लागली पाहिजे. येत्या खरिपात प्रत्येक महाविद्यालयाने निदान एका गावापुरती तरी अशी वही सुरू करावी. तिला फार खर्च लागणार नाही. पुढच्या वर्षी त्याच गावात परत जाण्याची तयारी मात्र लागेल.