शस्त्रक्रियेला पैसा, औषधाला नाही

आपल्या शासनव्यवस्थेची एक जुनी खोड आहे. एकदाच करावयाच्या मोठ्या कामाला पैसा मिळतो. तेच काम फळास यावे म्हणून पुढे लागणारा थोडा थोडा पैसा मात्र मिळत नाही. गोसीखुर्दच्या परिसराला हे निराळे सांगावयास नको. वैनगंगेवरील या धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसली, तेव्हा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. २०१६ च्या सुधारित अंदाजात तो अठरा हजार कोटींपलीकडे गेला. भिंत उभी राहिली, पाणी साठले. परंतु कालव्यांची कामे वर्षानुवर्षे रेंगाळली आणि कित्येक शेतकऱ्यांना रोवणीसाठी आभाळाकडेच पाहावे लागले. हीच खोड आरोग्याच्या क्षेत्रातही आहे. नाकात कोंब, म्हणजे पॉलिप, वाढणाऱ्या जुनाट सायनस विकाराच्या उदाहरणावरून ती नीट ध्यानात येते.

'नाकात मांस वाढले' असे लोक या रोगाला म्हणतात. आयुर्वेदाने त्यास नासार्श म्हटले. श्वास कोंडतो, वास कळेनासा होतो, झोप लागत नाही. अनेकांना जोडीला दमा असतो. जीव सहसा जात नाही, पण कामाचा दिवस मात्र जातो. उपाय दोन. एक, मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि स्टेरॉइडचा फवारा रोज नाकात मारणे. दुसरा, दुर्बिणीद्वारे कोंब काढून सायनसची तोंडे मोकळी करणे. दोहोंपैकी श्रेष्ठ कोणता, हा वाद जुना आहे.

पुरावा काय सांगतो? नेदरलँड्समधील २३८ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधोपचारासह शस्त्रक्रिया झालेल्यांना, केवळ औषधे घेणाऱ्यांपेक्षा वर्षअखेर थोडा अधिक आराम होता. परंतु रुग्णाला ठळकपणे जाणवावा इतका तो फरक नव्हता. उलट ब्रिटनमधील पाचशेहून अधिक रुग्णांच्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतर शस्त्रक्रियेचा लाभ ठळक दिसला, आणि प्रतिजैविकाच्या दीर्घ सेवनाचा मात्र दिसला नाही. म्हणजे औषधाने न हटणाऱ्या रोगात शस्त्रक्रियेचे स्थान नाकारता येत नाही. तथापि तिने रोगाचे मूळ जात नाही. बेल्जियममधील एका लहान गटाचा बारा वर्षांनी मागोवा घेतला, तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्या ३८ पैकी ३० जणांत कोंब परतले होते आणि १४ जणांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती. तात्पर्य, शस्त्रक्रिया झाली तरी फवारा आणि नाक धुणे सुटत नाही.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कान-नाक-घसा शस्त्रक्रियांचा विभाग आहे. रुग्ण दाखल झाला की खर्च योजना उचलते. घरी बसून दरमहा घ्यावयाचे औषध मात्र सर्वसाधारणपणे तिच्या कक्षेबाहेर राहते. गोसीखुर्दच्या मजुराने नागपूरला मेडिकल किंवा मेयो गाठून फुकट शस्त्रक्रिया करून घ्यावी आणि परत आल्यावर फवाऱ्याची बाटली पदरमोड करून आणावी, असा हा हिशेब आहे. बाटली परवडली नाही की कोंब परततात आणि तिजोरीला तीच शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागते. यात बचत कोणाची झाली?

औषध मिळत नसले की माणूस दुकानातून नाक मोकळे करणारे थेंब आणतो. ते आठवड्याहून अधिक वापरल्यास नाक अधिकच चोंदते. किंवा कोणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडच्या गोळ्या पुनःपुन्हा घेतो. त्यांनी आराम झटकन पडतो, पण पुढे रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात.

रोजच्या औषधांचा भार शासनाला पेलणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु येथे मागणी महागड्या जैविक इंजेक्शनांची नाही. ब्युडेसोनाइडचा नाकातील फवारा जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क करून शासनाने तत्त्व मान्यच केले आहे. उरतो तो पुरवठ्याचा प्रश्न. फवारा प्राथमिक आरोग्य केंद्रात दरमहा खात्रीने मिळावा. शस्त्रक्रियेच्या मंजुरीतच पुढील वर्षभराच्या औषधाची व तपासणीची तरतूद असावी. आणि ती तपासणी पवनीला व्हावी, जेणेकरून रुग्णाची मजुरी बुडणार नाही.

शस्त्रक्रिया की औषध, हा निर्णय वैद्याचा आणि रुग्णाचा आहे. तिजोरीने एका पर्यायाची वाट मोकळी करून दुसऱ्याची अडवून ठेवली, तर तो निर्णय आधीच झालेला असतो. कालव्यावाचून धरणाचे पाणी शेतात पोहोचत नाही, हे ज्या मुलखाने अनुभवले, त्याला याहून अधिक सांगण्याची गरज नाही.