किल्ली कुणी दिली?

ईदची नमाज झाली की सेलूच्या पाथरी रोडवर बुलेटचे फटाके सुरू होतात. ट्रिपल सीट, डोक्यावर टोपी, हेल्मेट नाही. पोरं स्वतःला बायकर म्हणवतात. त्यातली काही माझ्याच वर्गातली.

पण दोष एकट्या पोरांचा नाही. अठराच्या आत गिअरची गाडी चालवता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. तरी किल्ली आपणच देतो. मीही भाच्याला दिली होती. आज त्याच्या पायात रॉड आहे.

जीव ही अल्लाहची अमानत, असं आपण जुम्म्याला ऐकतो. दुधाचे कॅन लावून, वेग सांभाळत रोज खेड्यातून येणारा आणि धडधाकट घरी परतणारा दूधवाला, तोच खरा बायकर.