भूक लागते, हा काय गुन्हा आहे?

हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत एखादी अंगाने भरलेली असली आणि तिने तिळाचा दुसरा लाडू उचलला, की कुणीतरी म्हणतंच, ‘‘अगं, तोंडावर जरा ताबा ठेव!’’ शेजारची सडपातळ बाई तिसरा लाडू खात असते. तिला कुणी हटकत नाही.

मैत्रिणींनो, भूक म्हणजे नुसती जिभेची हौस नव्हे. तिचा कारभार बराचसा हार्मोन्सच्या हाती असतो. जठरातून ‘घ्रेलिन’ सुटलं की मेंदूला भुकेची वर्दी जाते. पोटभर जेवलं की ते उतरतं. चरबीतून निघणारं ‘लेप्टिन’ मेंदूला सांगतं, साठा पुरेसा आहे, आता पुरे. गंमत अशी, की लठ्ठ माणसात लेप्टिन भरपूर असतं, पण मेंदू त्याचं ऐकेनासा होतो.

त्यात जनुकांची भर. २००७ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ‘एफटीओ’ जनुकातला एक बदल दाखवून दिला. आई आणि वडील दोघांकडूनही तो ज्यांना मिळाला, त्यांचं वजन इतरांपेक्षा सरासरी तीन किलो जास्त भरलं. २०१३ मध्ये लंडनच्या अभ्यासात दिसलं, की अशांचं घ्रेलिन जेवणानंतरही हवं तेवढं उतरत नाही. ताट संपतं, भूक संपत नाही! (हा प्रयोग झाला पुरुषांवर. खाण्यावरून बोलणी बायकांनी ऐकायची आणि अभ्यास पुरुषांचा!)

म्हणून जनुकावर सगळं ढकलून मोकळं होता येणार नाही. अंगमेहनत, व्यायाम करणाऱ्यांत या बदलामुळे वाढणारा लठ्ठपणाचा धोका साधारण पाव हिश्श्याने कमी आढळला आहे.

मला काळजी वाटते ती वेगळीच. टोमण्यांनी ओशाळलेली बाई दवाखान्यात जायचंच टाळते. आणि मेटाबॉलिक सिंड्रोम तर दुखतही नाही, खुपतही नाही. कंबर ८० सेंटिमीटर किंवा जास्त, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, आणि चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल ५० च्या खाली. या पाचांतली कुठलीही तीन जुळली, की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढलाच म्हणून समजा.

त्यासाठी जनुकांची महागडी तपासणी नको. ब्लाउजचं माप घ्यायची टेप घरात असतेच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध ती गुंडाळा, पोट आत न ओढता! साडेएकतीस इंचांच्या पुढे गेली, तर या आठवड्यातच रक्तदाब मोजून घ्या आणि सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायला द्या.