सुप्याची आग आणि आपली खातेवही

"बडे भांडवलदार जग चालवतात, आपण छोटे लोक काय करणार?" असे आपले व्यापारी बांधव नेहमी म्हणतात. यात तथ्य आहे, पण अर्धेच. दाखला शिरूर-दौंडच्या मातीतच आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानकडे वळली. भाव कडाडले. मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या धनिकांच्या इशाऱ्यावर शेअर बाजार डोलू लागला, आणि खेड्यापाड्यांत सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि सारा डोलारा कोसळला. पुढे कर्ज आटले, त्यातच सरकारने शेतसारा वाढवला.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षे ठरवली होती. हेतू कर्जदाराच्या भल्याचा होता. पण दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहिला जाई. अंगठा उमटवणाऱ्याला मजकूर वाचता येत नसे आणि कोर्ट कागदच पाही. अखेर १८७४ च्या शेवटी शिरूर तालुक्यातील कर्डे गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातील सुप्याच्या बाजारात दंगा उसळला. जमावाचा रोख माणसे मारण्यावर नव्हता. रोखे आणि वह्या जाळण्यावर होता.

सावकाराची ताकद त्याच्या जातीत नव्हती. ती कागदात आणि कायद्यात होती. म्हणून एखाद्या जमातीला शिव्या देणे हे अज्ञान आहे, आणि गैरइन्साफही. कायदा बदलताच चित्र बदलू लागले. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कोर्टाला रोख्यामागचा सगळा व्यवहार तपासायला लावले, पावती मागण्याचा हक्क दिला आणि कर्जापायी होणारी शेतकऱ्याची कैद बंद केली.

आज आपले कारागीर काय करतात? माल तोंडी भरवशावर देतात. ना बिल, ना पावती. सूरे बकरामध्ये उधारीचा व्यवहार साक्षीदार ठेवून लिहिण्याचा हुकूम आहे. आपण व्याजाच्या मनाईवर तासन्‌तास बोलतो, या हुकमाबाबत मात्र गफलत करतो. २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांपेक्षा जास्त अडवता येत नाहीत. पण बिलच नसेल तर दाद कशाच्या जोरावर मागणार?

बड्यांचा पैसा आपल्या हातात नाही. लेखणी आहे. बांधवांनो, उद्यम नोंदणी करा, बिल फाडा, वही रोजच्या रोज लिहा.